पहिली मशाल पेटेपर्यंत

“लोकांच्या घरात शिरायचं आणि त्यांची मडकी फोडायची?” हेरंबनं विचारलं.

“फोडायचीच,” मी म्हटलं. “मडक्यात पैसे असतात. कधी औषध असतं. तसाच पुढे गेलास तर जंगलात मरशील.”

“आणि घरातली माणसं?”

“उभी असतात. रागावत नाहीत. फार तर म्हणतात, आज हवा छान आहे.”

मागच्या सीटवरून ताईचा उसासा ऐकू आला. “असले खेळ खेळणारी मुलगी सून म्हणून आणायची आपण?”

“आणायची नाही अजून, ताई. बघायला चाललोय.”

“आपण कुठे बघतोय? तीच बघणार आहे.”

हे मात्र खरं होतं. करमाळ्याहून बार्शीला निघालेली ती ओम्नी माझ्या एका मित्राची होती. तिचे ब्रेक लागायचे, पण विचार करून. मी चालवत होतो, शेजारी माझा भाचा हेरंब पाय हलवत होता आणि मागे त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, मांडीवर नारळ आणि पेढ्यांचा पुडा धरून बसली होती.

“पाय हलवू नकोस,” ती म्हणाली. “लक्ष्मी जाते.”

हेरंबनं पाय थांबवला. थोड्या वेळानं दुसरा हलायला लागला.

पोरगा लाखात एक. पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर. व्यसन नाही, आवाज चढत नाही, दिसायला आमच्याकडचा. म्हणजे चांगला. तरी स्थळं यायची आणि जायची. मुलीकडच्यांचा फोन यायचा, “मुलगा फार चांगला आहे हो, पण...” आणि त्या ‘पण’च्या पुढे कुणी काही बोलायचं नाही. ताईनं त्या ‘पण’साठी उपास केले, मी त्याच्या पत्रिकेतला मंगळ एका ज्योतिषाकडून जवळजवळ पळवून लावला. ‘पण’ काही हलेना.

आणि मग हे बार्शीचं थिट्यांचं स्थळ आलं. मुलगी स्वरूपा, दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दिवसभर दुधात पाणी किती ते बघायचं. हेरंबनं फोटो पाहिला, एकदा फोनवर बोलला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःहून म्हणाला, “मला तिथं जायचंय.” ताईच्या हातातली पळी पडली.

पण मुलीची एक अट होती. तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं, “पोहे मी करीन. प्रश्न मात्र विचारणार नाही. माझ्याकडे एक जुना व्हिडिओ गेम आहे. तुम्ही तो कधी खेळला नसाल तर फारच छान. दुपारी या आणि पहिली मशाल पेटेपर्यंत खेळा.”

खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. टीव्हीला एक करड्या रंगाचा डबा जोडायचा, त्यात वहीएवढी कॅसेट खुपसायची, की तांदळाच्या दाण्याएवढा एक वीर पडद्यावर येतो. त्यानं गावोगाव हिंडायचं, शस्त्रं घ्यायची, सोबती जमवायचे, राक्षस मारायचे आणि विझलेल्या सात मशाली पेटवायच्या. माझ्या कानावर हे आलं तेव्हा मी ताईला म्हटलं, “काळजी करू नकोस. हा खेळ मी मस्कतला असताना एका जपानी कप्तानाकडून शिकलोय.”

मी मस्कतला कधी गेलो नव्हतो. पण मी खोटं बोलत नाही. काही गोष्टी खऱ्या व्हायच्या जरा आधी सांगतो, इतकंच. त्याच संध्याकाळी मी एसटी स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात गेलो. मालकाचा भज्यांचाही धंदा होता. त्यानं भजी तळता तळता मला सगळे नियम सांगितले. एखाद-दुसरा नियम तेलाच्या आवाजात गेला असेल तर तो तेलाचा दोष.

“पुन्हा म्हण,” मी हेरंबला सांगितलं.

तो शाळेतल्यासारखा म्हणू लागला. “गावात दिसेल त्या माणसाशी बोलायचं. दोनदा बोलायचं, कारण पहिल्यांदा माणूस हवापाण्याचं बोलतो, कामाचं दुसऱ्यांदा. पूल ओलांडायची घाई करायची नाही, पलीकडचे राक्षस मोठे. लहान राक्षसांपासून पळायचं नाही, त्यांना मारूनच ताकद येते.”

“आणि मेलास तर?”

“राजा परत उठवतो. निम्मे पैसे कापून.”

“आणि मशाल?”

“मशाल पेटली की खेळ आपल्याला लक्षात ठेवतो. त्याआधी लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून.”

“बार्शीत लाईट चारला जाते,” ताई मागून म्हणाली.

त्या वर्षी भारनियमनाचा असा कहर होता की आमच्याकडे एका लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत लाईट गेली आणि अंधारात हार भलत्याच गळ्यात पडले. ती दोघं आज सुखात आहेत म्हणतात. मी वेग वाढवला. ओम्नीनं त्यावर विचार सुरू केला.

थिट्यांचं घर गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत होतं. पुढे ओटा, ओट्यावर तुळस, आत बैठकीची खोली. स्वरूपाचे वडील आप्पासाहेब एकटेच होते, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी नमस्कार केला, प्रवासाची चौकशी केली आणि खुर्चीत बसून पेपर तोंडावर घेतला. थोड्या वेळात पेपर श्वास घ्यायला लागला.

स्वरूपा पोहे घेऊन आली. उंच, सावळी, केसांची एकच वेणी. लाजली नाही आणि आगाऊपणाही केला नाही. पोहे झाले तशी तिनं टीव्हीवरचं विणलेलं कापड घडी करून बाजूला ठेवलं, कॅसेट काढली, तिच्या तोंडावर फुंकर मारली आणि डब्यात बसवली.

“मस्कतला आम्ही दोनदा फुंकायचो,” मी म्हटलं.

“हो का,” ती म्हणाली.

तिनं हेरंबच्या हातात वायरचा रिमोट दिला. “हे बाण चालायला. हे बटण बोलायला आणि मारायला. हे पिशवी उघडायला. काही विचारायचं असलं तर मी इथेच आहे.” आणि ती खाली सतरंजीवर बसली, ओल्या हरभऱ्याची जुडी पुढे ओढून घाटे सोलायला लागली.

संगीत वाजलं. पडद्यावर पहिलाच प्रश्न आला, तुझं नाव काय?

हेरंबनं माझ्याकडे पाहिलं. “मामा, काय देऊ?”

“अर्जुन दे.”

“त्याचंच द्यायला नको का?” ताई म्हणाली.

“ताई, राक्षसाला खरं नाव सांगतात का कुणी?”

हेरंबनं अर्जुन दिलं. सतरंजीवर एक घाटा फुटला, टच्.

वीर गावात आला. हेरंबनं त्याला पहिल्या घराच्या दारापर्यंत नेलं आणि तिथेच उभा केला.

“शीर की आत,” मी म्हटलं.

“कुणी ‘या’ म्हटलं नाही अजून.”

“ते म्हणत नसतात रे.”

तो आत गेला. म्हातारा म्हणाला, आज हवा छान आहे. हेरंबनं मडकी सोडून त्याच्याशीच दुसऱ्यांदा बोलायला सुरुवात केली. म्हातारा म्हणाला, गुहेत दोन वाटा आहेत. पुढं काही सांगणार, इतक्यात मी हेरंबला पुढच्या घराकडे काढलं, कारण भिंतीवरचं घड्याळ धावत होतं. माझ्या मनगटावरचं त्याहून जोरात.

“ती डावीकडची मडकी राहिली,” मी म्हटलं.

“औषधाची लाल बाटली मिळाली का? ती वापरू नको,” ताई म्हणाली. ती आता खुर्चीच्या टोकाला आली होती. “ठेव, अडीनडीला होईल.”

“आई, मडक्यातला विंचू चावून वीर निम्मा झालाय.”

“निम्मा आहे ना? मग ठेव.”

माझ्या सांगण्यावरून त्यानं दुकानातून तलवार घेतली. सगळे पैसे गेले. तलवार घेऊन तो जंगलात गेला, पहिला राक्षस आला. दह्याच्या कवडीसारखा एक थलथलीत गोळा. हेरंबनं वार केला. गोळ्याला काही झालं नाही. पुन्हा केला. गोळा हलला, हेरंबचा वीर आडवा.

राजानं उठवलं. निम्मे पैसे कापायचे होते, पण पैसे नव्हतेच.

“ह्या तलवारीला धार नाही,” मी म्हटलं.

“काही विचारायचंय का?” स्वरूपानं विचारलं.

हेरंबनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “नाही नाही, आम्हाला माहितीये. पहिला वार असाच जातो. मस्कतला सुद्धा असंच व्हायचं.”

टच्.

मग सुरू झाली ती धावपळ. गाव, जंगल, मरण, राजा. गाव, जंगल, मरण, राजा. मध्ये एक साधू सोबतीला आला. तो मंत्र म्हणून जखमा भरायचा. त्याच्या जिवावर हेरंब कसाबसा पूल ओलांडून गेला. साधू पुलापलीकडे मेला. त्याचा एक छोटा दगड झाला आणि तो दगड वीराच्या मागे मागे चालायला लागला.

“देवळात नेऊन उठवू का?” हेरंब म्हणाला.

“वेळ आहे का? चल पुढे.”

“अरे, साधू आहे तो,” ताई म्हणाली. “असा टाकून जाऊ नये. पाप लागतं.”

“पाप नंतर फेडू. आधी मशाल.”

हेरंबचा वीर पुलावर दोन पावलं मागे, दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे असा करायला लागला. पाय तर असा हलत होता की टेबलावरच्या कपबशा वाजत होत्या. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. थंडीचे दिवस होते.

“काही विचारायचंय का?” स्वरूपा पुन्हा म्हणाली.

हेरंबनं तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मिटलं.

आप्पासाहेबांनी पेपर जरा खाली केला. “लाईट जायला आली बरं का,” म्हणाले आणि पेपर वर घेतला.

गुहा आली. आत दोन वाटा, त्या म्हाताऱ्यानं सांगितलेल्या.

“डावीकडे,” मी म्हटलं.

“उजवी शुभ,” ताई म्हणाली.

“ताई, तुला काय कळतं त्यातलं?”

“आणि तुला कळतं? केव्हापासून मारून घेतोयस माझ्या लेकराला.”

“डावीकडे, हेरंब.”

“उजवीकडे जा, बाळा.”

“डावीकडे म्हणतो ना. दे, दे इकडे तो रिमोट.” आणि मी हात पुढे केला.

आता इथे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण नंतर ताईनं हे फार वेगळं करून गावभर सांगितलं. मी रिमोट ओढला नाही. मी फक्त त्याचं एक टोक धरलं. हेरंबनं दुसरं टोक धरलेलं होतं. वायर ताणली गेली, करडा डबा टेबलावरून दोन बोटं पुढे सरकला आणि खोलीतली कपबशांची किणकिण बंद झाली.

हेरंबचा पाय थांबला होता. दोन्ही.

“मामा,” तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, हळू. “तुम्ही जरा ओट्यावर जाऊन बसा.”

मला वाटलं, मला हवा लागावी म्हणून म्हणतोय.

“आई, तूही.”

“मी?” ताई म्हणाली.

“थोडा वेळ. तुम्ही दोघं बोलता ते सगळं मला ऐकू येतं, आणि पडदा दिसत नाही.”

आयुष्यात मी वाघासमोर उभा राहिलोय. तो वाघ पिंजऱ्यात होता, पण दार नीट लागलेलं नव्हतं. तेव्हाही मला कुणी ओट्यावर जाऊन बसा म्हटलं नव्हतं. मी रिमोटचं टोक सोडलं. ताईनं पेढ्यांचा पुडा उचलला, पुन्हा ठेवला आणि पदर सावरत बाहेर निघाली. मी तिच्या मागे.

उंबरा ओलांडताना मागून हेरंबचा आवाज आला. तो माझ्याशी बोलत नव्हता.

“मला एक सांगा,” तो म्हणत होता, “तलवार घेतली तरी हा अजून हातानंच का मारतोय?”

घाट्यांचा आवाज थांबला.

“तुम्ही ती घेतलीत, पण त्याच्या हातात दिलीच नाहीत,” स्वरूपा म्हणाली. “ती केव्हाची पिशवीतच पडून आहे.”

मग दोघं हसले. आधी ती, मग तो.

आम्ही ओट्यावर बसलो. ऊन पायांवर आलं होतं. आतून संगीत येत होतं, मध्येच तलवारीचा खणखणाट. आता तलवारीला धार होती. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती.

“डावीकडे गेला की उजवीकडे?” ती म्हणाली.

“इथून दिसतं का मला?”

“खिडकीतून बघ ना.”

“तू बघ.”

कुणीच उठलं नाही. मी तुळशीची वाळलेली पानं काढली. ओल्या पानांनाही हात लागला. आत संगीत बदललं, वेगाचं, धडधडतं झालं. मोठा राक्षस आला असणार. मी उभा राहिलो. ताई उभी राहिली. ती हळूच म्हणाली, “लाल बाटली वापर म्हणावं. झाली अडीनडी.”

आणि संगीत मध्येच तुटलं. शेजारच्या घरातलं गिरणीसारखं काहीतरी घरघरत विझलं.

लाईट गेली.

ताई मटकन खाली बसली. “गेलं,” ती म्हणाली. “हेही गेलं. त्याला पहिल्यांदा कुणी आवडली होती रे, नरहरी.”

मला मस्कतचंसुद्धा काही सुचेना.

दार वाजलं. आप्पासाहेब पेपर काखेत धरून बाहेर आले आणि आमच्या शेजारी ओट्यावर टेकले.

“तुम्हालाही बाहेर काढलं का?” मी विचारलं.

“मी आपला निघालो. आत माझं काय काम?” त्यांनी डोळे चोळले. “डिसेंबरात पुण्याचा एक मुलगा आला होता. कॉम्प्युटरमधला. पोहे गार व्हायच्या आत त्यानं मशाल पेटवली.”

ताईनं वर पाहिलं. “मग?”

“ही नाही म्हणाली.”

“का हो?”

“मलाही कळेना. विचारलं तर म्हणाली, आप्पा, त्याचे वडील सांगत होते, तो जात होता. डावीकडे म्हटलं की डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. छान जात होता. मी शेजारी बसले होते, मला खेळ येतो, पण त्याला काही विचारावंसं वाटलं नाही.” आप्पासाहेबांनी पेपरची घडी उलटी घातली. “त्याच्या आधीच्या मुलाचा तर रिमोट त्याच्या काकांकडेच होता. असो. तुमच्याकडे यंदा तूर कशी आहे?”

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीकडे पाहिलं. मग ताई स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. पदर बोटाला इतका घट्ट गुंडाळला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. तिनं तो हळूहळू सोडला.

“नरहरी,” ती म्हणाली, “ते ‘पण’...”

“हं,” मी म्हटलं.

आत अजून बोलणं चालू होतं. पडदा काळा, तरी ती दोघं काहीतरी बोलत होती. हेरंबचाच आवाज जास्त. तो इतका बोलतो हे मला माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळानं स्वरूपा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ताईला राहवेना.

“पेटली नाही ना ती मशाल?”

“नाही. थोडक्यात राहिली.”

“मग आता?”

“लाईट सहाला येते,” स्वरूपा म्हणाली. “ते म्हणाले, थांबू का? मी म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा.” तिनं पहिला कप ताईच्या हातात दिला. “थांबतायत.”

ताईनं कप घेतला आणि एक अक्षर बोलली नाही. तिच्या बाबतीत हे इतकं दुर्मिळ होतं की मी तारीख लक्षात ठेवली होती. आता विसरलो.

सहाला लाईट आली तेव्हा आम्ही ओट्यावरच होतो. ओम्नीला दिवे होते, पण ते फक्त इतरांना आपण येतोय हे कळावं एवढेच. तरी निघायची घाई कुणी केली नाही. आतून पुन्हा ते पहिलं संगीत वाजलं, म्हणजे पडद्यानं नाव विचारलं असणार. मी कान टवकारले. “मामा, काय देऊ?” असं काही आलं नाही.

जेवायची ताटं मांडायची वेळ झाली तेव्हा आत टाळी वाजली. एकच.

आता मी लोकांना सांगतो की ती तलवारीची गोष्ट मी मुद्दाम लपवली होती, रिमोटही मुद्दाम धरला होता, पोराला एकदा चिडवून पाहावं म्हणून. सगळा माझा बेत होता. ताई जिवंत होती तोवर म्हणायची, “खोटं बोलू नकोस.” हेरंब म्हणायचा, “असू दे गं आई, बेत चांगला होता.”

परवा बार्शीला हेरंबच्या घरी गेलो होतो. हेरंबची मुलगी रेवा शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि तिनं कपाटातून तो करडा डबा काढला. पहिल्यांदाच खेळणार होती. घरात आता इन्व्हर्टर आहे, कसली घाई नाही. तिनं कॅसेटवर फुंकर मारली. मी खुर्ची पुढे ओढली.

“रेवा, नाव कसं द्यायचं ते आधी ऐक. मी मस्कतला असताना...”

स्वरूपा स्वयंपाकघरातून आली. ओल्या हरभऱ्याची एक मोठी जुडी तिनं माझ्या मांडीवर ठेवली, शेजारी ताटली ठेवली आणि परत गेली.

रेवाचा वीर पहिल्या घराच्या दाराशी जाऊन थांबला. तिनं मान वळवली.

“आजोबा, यांच्या घरात असंच शिरायचं का?”

उत्तर माझ्या अगदी दातांपर्यंत आलं होतं. मी पटापट चार घाटे सोलले, सगळे दाणे एकदम तोंडात टाकले आणि दोन्ही गाल फुगवून चावत बसलो. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग पडद्याकडे वळली आणि आत गेली.